सांधेदुखीची पुडी आणि आयुर्वेदाची अब्रू

आठवड्याच्या बाजारांत धान्याच्या राशी संपून भांड्याकुंड्यांचीं दुकानें सुरू होतात, तेथल्या मोकळ्या जागेंत एक इसम हटकून बसलेला आढळतो. पुढ्यांत जाजम, जाजमावर वाळलेल्या मुळ्या, झाडांच्या साली, डिंकाचे खडे आणि हातांत ध्वनिवर्धक असा त्याचा थाट असतो. "गुडघे, कंबर, मान, पाठ, कसलाहि जुना वात असो, तीन दिवसांत पळाला नाहीं तर पैसे परत!" असा त्याचा पुकारा चालतो आणि भोंवतीं जमलेल्या मंडळींत कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बायकाच अधिक दिसतात. जाजमावरील मुळ्या बहुधा खऱ्या असतात. परंतु गिऱ्हाइकाच्या हातीं जी पुडी पडते ती त्या मुळ्यांचीच असते काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्यांत असंख्य गरीब माणसांच्या हाडांचा आणि आपल्या एका प्राचीन विद्येच्या अब्रूचा संबंध आहे, म्हणून अग्रलेखाची जागा त्यास देण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबांतील आजीबाईंची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. साठी उलटलेली, जन्म भात लावण्यांत आणि पाण्याच्या घागरी वाहण्यांत गेलेला, गुडघे धरलेले. बाजारांतील पुडी सुरू केल्यापासून तिसऱ्या दिवशीं बाई काठीवांचून बांधावर गेल्या. घरांत आनंदीआनंद झाला. शेजारच्या चार घरांनीं त्याच पुड्या आणविल्या. सहा महिन्यांनीं बाईंचा चेहरा वाटोळा व सुजल्यासारखा झाला. हातपाय मात्र काड्यांसारखे बारीक पडले, आणि जरा कोठें लागलें कीं कातडीखालीं काळेंनिळें होऊं लागलें. पुढें पावसाळ्यांत पुडीवाला येईनासा झाला व पुडी बंद पडली. आठवड्याच्या आंत बाईंना उलट्या, भोंवळ आणि इतका अशक्तपणा आला कीं त्यांस खाटेवर घालून तालुक्याच्या गांवीं न्यावें लागलें. तेथील डॉक्टरांनीं नाडी पाहण्याच्याहि आधीं विचारलें, "आजी, पुडी कोणती घेत होतां?" हा प्रकार त्यांच्या किती ओळखीचा होता हें त्या एका प्रश्नावरूनच कळून येतें.

पुडींत काय असतें? 'शुद्ध वनस्पति' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्या व गोळ्या तपासल्या असतां त्यांत डेक्सामेथासोन, प्रेड्निसोलोन यांसारखीं स्टेरॉइडें आणि डायक्लोफेनॅकसारखीं वेदनाशामकें सांपडल्याचे दाखले वैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार प्रसिद्ध झालेले आहेत. तीन दिवसांच्या चमत्काराचें मर्म येथें आहे. सन १९४८ मध्यें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका तरुण बाईस कॉर्टिझोन हें द्रव्य टोंचलें आणि थोड्याच दिवसांत ती बाई चालूं लागली. जगास हा चमत्कारच वाटला व १९५० सालीं हेंच आणि त्यांचे सहकारी यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु चमत्काराची किंमतहि लौकरच कळून आली. हें द्रव्य फार दिवस व मोठ्या मात्रेंत घेतलें तर हाडें ठिसूळ होतात, रक्तांतील साखर व रक्तदाब वाढतो, जखम भरत नाहीं, रोगजंतूंशीं झगडण्याची शक्ति कमी होते, आणि मांडीच्या हाडाचा खुब्यांतील गोळा रक्ताभावीं मरूं शकतो. शिवाय शरीरांतील ज्या ग्रंथि हें द्रव्य स्वतः निर्माण करीत असतात त्या बाहेरील पुरवठ्यामुळें काम सोडून देतात. मग पुडी एकदम बंद झाली तर जीवावर बेततें. म्हणूनच जाणता डॉक्टर हें औषध देतांना मात्रा मोजतो, मुदत ठरवितो आणि पायरी पायरीनें तें उतरवितो. औषध वाईट नाहीं. मात्रा न सांगतां, नांव लपवून व मुदत न ठेवतां देणें हा अपराध आहे.

पण या अपराधाचें खरें स्वरूप एवढ्यानें पुरतें उघड होत नाहीं. गिरणीच्या कापडावर खादीचा शिक्का मारून तें विकणाऱ्यास आपण काय म्हणतों? तो गिऱ्हाइकास तर फसवितोच, पण सूत कातणाऱ्या प्रत्येक हाताचीहि तो चोरी करतो. पुडीवाला तेंच करीत आहे. रसायनशाळेंत तयार झालेलें द्रव्य तो दळतो, त्यांत सुंठीची वा आणखी कशाची तरी पूड मिसळतो आणि वर आयुर्वेदाचें नांव लावतो. गुण आला तर लोक म्हणतात, पहा ऋषिमुनींची विद्या! आणि सहा महिन्यांनीं अवगुण आला म्हणजे तेच लोक म्हणतात, आयुर्वेदानें घात केला. पहिली स्तुति खोटी आणि दुसरी निंदाहि खोटी. ज्या विद्येचा या पुडींत अंशहि नाहीं तिच्या पदरीं या दोन्ही खोट्या गोष्टी पडतात, आणि तिचे अभिमानी म्हणविणारे आम्ही स्वस्थ बसतों!

मग खरी विद्या सांगते तरी काय? चरकसंहितेंतील चिकित्सास्थानाचा अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींनाच वाहिलेला आहे. पुढें माधवनिदानकारांनीं आमवाताचें निराळें प्रकरण केलें. सांध्याची झीज, सूज व ताप यांसह येणारा आमवात, आणि पायाच्या बोटापासून उसळणारें वातरक्त हीं आपल्या वैद्यांनीं एकमेकांपासून निवडून काढलीं व प्रत्येकाचा उपचार वेगळा सांगितला. वातावर तेल व शेक, तर आमवातांत प्रथम लंघन व पाचन. तेथें वरवर तेल चोळीत बसूं नये असा सांप्रदाय आहे. औषधांत रास्ना, एरंड, सुंठ, गुळवेल, निर्गुडी, गुग्गुळ, शल्लकी अशी मोठी परंपरा. त्यांच्या जोडीला आहार, विश्रांति आणि ऋतुमान यांचा विचार. या साऱ्या विवेचनांत तीन दिवसांत बरें करण्याची प्रतिज्ञा नाहीं. उलट जुना व खोल गेलेला वात कष्टसाध्य आहे, क्वचित् असाध्यहि आहे, असें सांगण्याचा प्रामाणिकपणा त्या ग्रंथकारांनीं दाखविला आहे. ज्या वैद्यास 'हें मजकडून बरें होणार नाहीं' असें म्हणतां येतें तोच खरा वैद्य होय. जाजमावरच्या इसमास हें वाक्य ठाऊकच नसतें.

आमच्या घरांतून चालत आलेल्या उपचारांचीहि गोष्ट अशीच आहे. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यांत बांधून शेकणें, तिळाचें तेल कोमट करून चोळणें, ओव्याची किंवा वाळूची पुरचुंडी करून कंबर शेकणें, या उपायांनीं आखडलेले स्नायु सैल होतात व पुष्कळांस आराम पडतो. कातडी भाजूं न देण्याची काळजी घेतली तर त्यांत भयहि थोडें. पण घरगुती तेवढें निरुपद्रवी असेंहि समजूं नये. दुखऱ्या जागेवर बिब्बा लावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि बिब्ब्याच्या तेलानें अंगावर फोड येऊन, ते चिघळून, मूळच्या दुखण्याहून मोठें दुखणें पदरीं पडलेलीं माणसें खेड्यापाड्यांतून आढळतात. शास्त्रांत भल्लातकाच्या शोधनाचा एवढा विस्तार कां केला आहे, याचा विचार बिब्बा तापवून लावणारा करीत नाहीं.

आतां आमच्या वनौषधींची परीक्षा केली तर काय निष्पन्न होतें तें पाहूं. सालई हा वृक्ष सातपुड्यांत व विदर्भाच्या रानांत चांगला परिचित आहे. त्याचा डिंक धुपासाठीं विकला जातो. ग्रंथांतील शल्लकी ती हीच. जम्मू येथील प्रादेशिक संशोधनशाळेंतील सिंग व अटल यांनीं १९८६ सालीं सालईच्या अर्कांत सूज उतरविण्याचा गुण असल्याचें प्रयोगांनीं दाखविलें. पुढील दशकांत जर्मनींतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचे अमोन व त्यांचे सहकारी यांनीं त्यांतील बॉस्वेलिक आम्लें शरीरांतील सूज वाढविणाऱ्या एका विकरास कसा अटकाव करतात हें शोधून काढलें. आणि २००३ सालीं आमच्या नागपुरांतील संशोधकांनीं गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांवर केलेली परीक्षा प्रसिद्ध झाली. निम्म्यांस सालईचा अर्क, निम्म्यांस औषध नसलेली तशीच दिसणारी कुपी. कोणास काय मिळालें तें रुग्णासहि ठाऊक नाहीं व तपासणारासहि नाहीं. आठ आठवड्यांनंतर मध्यें कांहीं काळ सोडून गटांची अदलाबदल. अर्क घेणारांच्या वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वाकूं लागला, चालण्याचें अंतर वाढलें. त्याच निबंधांत हेंहि नमूद आहे कीं, क्षकिरणांच्या चित्रांत कांहीं फरक पडला नाहीं. म्हणजे वेदना कमी झाली, झिजलेला सांधा पुन्हां भरून आला नाहीं. ही दुसरी ओळ छापण्यांत जो खरेपणा आहे, त्यावर शास्त्राची सारी इमारत उभी असते. पुढें २०१४ सालीं कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनें जगांतील अशा परीक्षांचा धांडोळा घेतला, तेव्हां सालईच्या समृद्ध अर्कानें शंभर गुणांच्या मापावर वेदना सुमारें १७ गुणांनीं अधिक कमी झाल्याचें दिसलें.

पुण्याचें उदाहरण याहूनहि बोधप्रद आहे. डॉ. अरविंद चोपडा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर केलेल्या परीक्षेचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. सुंठ, गुळवेल आदि वनस्पतींपासून केलेले आयुर्वेदीय योग एका बाजूस व ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब हीं आधुनिक औषधें दुसऱ्या बाजूस अशी ही तुलना २४ आठवडे चालली. आयुर्वेदीय योग वेदना कमी करण्यांत आधुनिक औषधांच्या बरोबरीचे ठरले. कोणाहि स्वदेशाभिमान्याची छाती फुगावी अशीच ही गोष्ट आहे. परंतु त्याच परीक्षेंत आयुर्वेदीय योग घेणाऱ्या सात रुग्णांच्या रक्तांत यकृतावर ताण पडल्याची खूण आढळली. त्यांचें औषध थांबविलें आणि ती खूण नाहींशी झाली. रक्त तपासलें म्हणून हें कळलें. बाजारांतील जाजमावर तें कोण तपासणार होतें? जें औषध गुण देण्याइतकें समर्थ आहे तें अवगुण करण्याइतकेंहि समर्थ असतें, हा निसर्गाचा साधा न्याय आहे. 'वनस्पति आहे, अपाय नाहीं' हें वाक्य औषधाच्या स्तुतीचें नसून अज्ञानाचें आहे.

येथें दोन पक्ष आमच्यावर तुटून पडतील हें आम्ही जाणतों. एक पक्ष म्हणेल, पाल्यामुळ्यांची ही जुनाट विद्या टाकून द्या. या पक्षास आम्ही युरोपाचाच इतिहास वाचावयास सांगूं. विलो झाडाच्या सालीचा तापावर उपयोग होतो असें एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकानें १७६३ सालीं रॉयल सोसायटीस कळविलें. १८२८ सालीं सालींतील कार्यकारी द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. १८७६ सालीं स्कॉटलंडांतील डॉ. मॅक्लॅगन यांनीं तेंच संधिवाताच्या तापावर योजून त्याचा गुण सिद्ध केला, आणि त्या शतकाच्या अखेरीस त्याच कुळांतील ॲस्पिरिन बाजारांत आलें. खेड्यांतील कडू सालीस हंसण्याऐवजीं त्यांनीं ती तोलली, मोजली, शुद्ध केली. आमच्या सालई-गुळवेलींच्या नशिबीं हा मान यावयास विसावें शतक संपत आलें, यांत दोष वनस्पतींचा नाहीं.

दुसरा पक्ष म्हणेल, आमच्या ऋषींनीं दिव्य दृष्टीनें जें पाहिलें त्यास परीक्षेची गरज काय? यास उत्तर एवढेंच कीं, ही गरज ऋषींनींच सांगितली आहे. न ओळखलेलें औषध विषासारखें मानावें, असा चरकाचा स्पष्ट अभिप्राय आहे. आणि ओळखण्याची आमची स्थिति काय आहे? वातहर द्रव्यांत चरकानें रास्नेस अग्रस्थान दिलें. पण ही रास्ना कोणती? उत्तर हिंदुस्थानांत एक वनस्पति रास्ना म्हणून देतात, बंगाल्यांत झाडावर वाढणारें एक आमर देतात, आणि केरळांत कुलिंजनाच्या जातीचा कंद देतात. तिघांचें कूळ निराळें, रस निराळा. एकाच श्लोकाच्या आधारानें तीन प्रांतांतील रोगी तीन निरनिराळीं औषधें पीत आहेत! गुग्गुळाची कथा याहून करुण आहे. राजस्थान, कच्छ येथील कोरड्या भूमींतील हें लहानसें झाड. अधिक डिंक मिळावा म्हणून त्यास अविचारानें खोल चिरा देतात आणि झाड मरून जातें. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत त्याची गणना आज अत्यंत धोक्यांत असलेल्या जातींत होते. मूळ द्रव्य दुर्मिळ झालें कीं भेसळ वाढावयाचीच. अशा वेळीं श्लोक पाठ म्हणणें हा अभिमान नव्हे. झाड लावणें, झाड ओळखणें आणि डबींत तेंच झाड आहे हें सिद्ध करणें हा अभिमान होय.

एका गोष्टीनें तर आमची मान खालीं जाते. २००४ सालीं अमेरिकेंतील बोस्टन भागांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली व त्यांतील १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल यांचा अंश आढळला. त्यावर येथें पुष्कळ आरडाओरड झाली आणि १ जानेवारी २००६ पासून परदेशीं जाणाऱ्या वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठीं तपासणी सक्तीची करण्यांत आली. तपासणी झाली हें उत्तम झालें. पण तिचा क्रम पहा! परदेशी गिऱ्हाइकाच्या पोटाची काळजी आधीं, घरच्या रोग्याची मागाहून. स्वराज्य मिळून अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावरहि उत्तम तें बाहेर आणि उरलेंसुरलें घरांत ही वहिवाट चालावी, याहून लाजिरवाणें दुसरें काय असूं शकेल?

कायदाच नाहीं अशी सबब मात्र कोणास सांगतां येणार नाहीं. परदेशांतून येणाऱ्या निकृष्ट औषधांचा सुळसुळाट झाल्यावरून १९३० सालीं कर्नल रामनाथ चोपडा यांच्या अध्यक्षतेखालीं औषध चौकशी समिति नेमली गेली व तिच्या अहवालानंतर नऊ वर्षांनीं, १९४० सालीं, औषधांचा कायदा झाला. १९६४ सालीं त्यांत आयुर्वेदीय व युनानी औषधांचें स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. आयुर्वेदीय औषध म्हणजे कोणतें, याची व्याख्या करतांना कायद्यानें 'मान्य ग्रंथांतील पाठांप्रमाणेंच तयार केलेलें' असा निर्बंध घातला आहे. वकिलीची सनद नसलेल्या वाचकांसहि यांतील 'च' चें महत्त्व कळेल. ज्या पुडींत डेक्सामेथासोन आहे ती कोणत्याहि मान्य ग्रंथाप्रमाणें झालेली नाहीं. म्हणून ती वाईट आयुर्वेदीय औषध नव्हे, ती आयुर्वेदीय औषधच नव्हे. घटकद्रव्यांची खरी यादी वेष्टनावर देणेंहि नियमांनीं आवश्यक केलेलें आहे. स्वतःच्या रोग्यांसाठीं औषध तयार करणाऱ्या वैद्यास परवान्यांतून सूट आहे व ती योग्यच आहे. पण रोगी कोण, त्याचें दुखणें काय, याची विचारपूसहि न करतां शेंकडों पुड्या विकणारा फिरता विक्रेता त्या सुटीच्या आड लपतो, तेव्हां त्यास ओढून बाहेर काढणें हें अंमलदारांचें काम आहे.

जाहिरातींविषयींचा १९५४ चा कायदा याहून स्पष्ट आहे. ज्या रोगांवर औषधाची जाहिरातच करतां येऊं नये अशा रोगांच्या यादींत संधिवाताचें नांव आहे. जाहिरात या शब्दांत छापील कागद तर येतोच, पण तोंडानें केलेली किंवा ध्वनि, प्रकाश, धूर यांच्या साधनानें केलेली घोषणाहि येते. अर्थात् बाजारांतील ध्वनिवर्धक त्यांतून सुटत नाहीं. या कायद्यानें भाषणस्वातंत्र्यावर घाला पडतो अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढें नेण्यांत आली होती. डिसेंबर १९५९ मध्यें न्यायालयानें कायद्याचीं एकदोन कलमें सदोष ठरविलीं. पण रोग्यास अशास्त्रीय औषधाच्या मोहांत पाडणारी व्यापारी जाहिरात म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे, हें तत्त्व उचलून धरलें. असें असतां 'सांधेदुखीवर रामबाण' अशा चौकटी छापून कोण येतें? वर्तमानपत्रेंच. या कायद्यांत जाहिरात देणाराबरोबर ती प्रसिद्ध करण्यांत भाग घेणाराहि येतो. पहिल्या पानावर अंधश्रद्धेची निंदा आणि शेवटच्या पानावर रामबाणाची चौकट, हा आमच्या धंद्याचा दुटप्पीपणा आहे. दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं आम्हीं आपला शेवटचा कागद स्वच्छ केला पाहिजे, असें म्हणण्यास आम्हांस कोणाची भीड वाटत नाहीं.

तथापि नुसत्या दंडानें हा प्रश्न सुटावयाचा नाहीं. ती बाई जाजमापुढें कां उभी राहते, हें पाहिलें पाहिजे. दवाखाना दूर, तेथें जावयाचें म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडें पडतें, आणि इतकें करून रांगेच्या शेवटीं दोन मिनिटांत 'वयामुळें असें होतें' हें ऐकून परत यावें लागतें. पुडीवाला तिची कंबर तरी हात लावून पाहतो, तिच्याशीं तिच्या भाषेंत बोलतो, पुडी स्वस्त देतो. आणि हें दुखणें तिला झालें कशानें? चिखलांत दिवसभर ओणवें राहून भात लावणें, उसाच्या मोळ्या डोकीवर वाहणें, कापूस वेंचणें, घागरी, सरपण, दळण, आणि बाळंतपणानंतर चार दिवसांत पुन्हां तेंच. या कंबरेस औषध हवें हें खरें. पण पाण्याचा नळ, दोन वेळचें पुरेसें अन्न आणि विसाव्याचा हक्क यांचीहि तिला तितकीच जरूर आहे. स्त्रीचें दुखणें हें तिच्या जन्माचें लेणें समजणाऱ्या घरांतील पुरुषांनीं या बाबतींत पुडीवाल्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्या घरांत डोकावून पाहावें.

आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणीं अशा पुडीची तपासणी कोणाहि सामान्य माणसास करून घेतां यावी व तिचा निकाल आठवड्यांत मिळावा. औषध निरीक्षकांनीं दुकानांबरोबर आठवड्याचे बाजार व यात्रा यांतूनहि नमुने उचलावेत आणि झालेल्या शिक्षा गांवोगांवच्या चावडीवर लावाव्यात. रास्ना, गुग्गुळ, सालई यांच्या ओळखीचीं प्रमाणें आणि लागवड यांवर सरकारनें पैसा खर्चावा. जंगलांत डिंक गोळा करणाऱ्या आदिवासींस झाड न मरतां डिंक काढण्याची रीत शिकवून त्याचा रास्त मोबदला द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाची मागणी आमच्या वैद्यबंधूंकडे आहे. सन १९०७ मध्यें नाशिक येथें शंकर दाजी शास्त्री पदे यांनीं आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला, तेव्हांपासून आपल्या विद्येस राजमान्यता मिळावी म्हणून वैद्यांनीं झगडा केला व ती मिळविली. आतां पुडीवाल्याविरुद्ध पहिली फिर्याद वैद्यांचीच असली पाहिजे. ज्याचा शिक्का चोरीस गेला त्यानेंच चोर पकडावयास पुढें यावें, हें न्यायाचें आहे.

वाचकांस दोन व्यावहारिक गोष्टी सांगून हा लेख संपवितों. ज्या पुडीवर करणाराचें नांव, पत्ता, परवान्याचा क्रमांक व घटकद्रव्यांची यादी नाहीं ती घरांत आणूं नये. आणि ज्या औषधानें जुनी सांधेदुखी दोनतीन दिवसांत साफ नाहींशी होते त्याचा आनंद मानण्यापूर्वीं संशय घ्यावा. परंतु अशी पुडी कोणी महिनोन् महिने घेत असेल तर हा लेख वाचून ती एकदम फेकून देऊं नये. पुडी बरोबर घेऊन डॉक्टराकडे जावें व जें खरें तें सांगावें, म्हणजे तो ती बेतानें उतरवील. सकाळीं तासभर हाताचीं बोटें आखडत असतील व सांधे सुजत असतील, तर तो दाहक संधिवात असूं शकतो आणि त्यांत पहिले महिने मोलाचे असतात. कंबरदुखीबरोबर ताप, पायांतील शक्ति जाणें किंवा लघवीवरील ताबा सुटणें असें कांहीं असेल, तर तेल चोळीत एक दिवसहि दवडूं नये.

मुळी खरी आहे. तिच्यांत गुण आहे. तो गुण आमच्याच नागपुरांत आणि पुण्यांत तराजूला लागून उतरलेला आहे. तिचें नांव घेऊन दुसरेंच कांहीं विकलें जाऊं नये, एवढेंच आम्ही मागतों. पुढच्या बाजारीं जाजमापुढें उभ्या राहिलेल्या आपल्या आईस, आत्यास किंवा मोलकरणीस हात धरून परत आणण्याचें काम मात्र कायद्यानें व्हावयाचें नाहीं. तें हा कागद वाचणारानें केलें पाहिजे.